रिकामी टिचकी

माझ्या भावाला हॉस्पिटलात कुणी त्याच्या नावानं ओळखत नसे. त्याला 'टिचकी' म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, पण जुने वॉर्डबॉय तोंडावरसुद्धा 'टिचकीसाहेब' म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते मला. एवढा शिकलेला माणूस, मज्जातंतूंच्या जखमांवर उभी हयात घातलेला, आणि नाव काय, तर टिचकी!

पण नाव खोटं नव्हतं. दादाचं सगळं संशोधन त्या एका टिचकीवर उभं होतं. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणारी नस एखाद्या अपघातात ताणली गेली, की तिचा पुढचा भाग मरतो. नशीब असेल तर वरून ती पुन्हा वाढायला लागते, रोज साधारण एक मिलिमीटर. आतलं काही दिसत नाही. पण तिच्या वाढत्या टोकावर कातडीवरून टिचकी मारली तर माणसाला मुंग्या येतात. रोग्यानं डोळे मिटायचे. दादा खालून वर टिचकी मारत जायचा, दर टिचकीला "आता?" विचारायचा, आणि जिथे पहिलं 'हो' येईल तिथे निळ्या पेनानं रेघ ओढायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. रेघ पुढे सरकली तर नस चालू लागलीय, थांबायचं. रेघ जागच्या जागी राहिली तर आत गाठ झालीय, सर्जनच्या हवाली करायचं, आणि तेही वेळेवर. कारण स्नायू काही कुणासाठी खोळंबून राहत नाही. वर्ष-सव्वा वर्षात नस पोचली नाही तर तो वाळतो, आणि मग ती पोचून काही उपयोग नसतो.

हे मला इतकं तोंडपाठ असायचं कारण एवढंच, की मी दादा-वहिनीच्याच वरच्या मजल्यावर राहते. मी शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि जेवले बहुतेक वेळा खालीच. दादाच्या घरी जेवायचं म्हणजे नसांबद्दल ऐकायचं. भात वाढा म्हणावं तर हा चमच्यानं टेबलावर कोपर आणि मनगट काढून दाखवणार.

वहिनी त्याची यथेच्छ चेष्टा करायची. ती एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायची. फाटकी, पानं सुटलेली पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि दाभण, दोरा, खळ आणि पुठ्ठा यांच्यातून धडधाकट होऊन परत जायची. तिची बोटं बघत राहावं अशी होती. नसेला ती 'गोगलगाय' म्हणायची. "आज त्या क्रेनवाल्याची गोगलगाय कुठवर आली हो?" असं विचारत ती पोळी उलटायची आणि दादा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "दंड ओलांडला." मग ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. दादाची प्रयोगशाळा हॉस्पिटलाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होती. तिथे तो उंदरांच्या पायातल्या नसा चिमट्यानं दाबायचा आणि पुढचे काही आठवडे त्यांची बोटं बघत बसायचा. घरात मात्र पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सोडायला मागच्या गल्लीत वहिनीलाच जावं लागे. "ह्यांना ओळखीचा वाटतो," ती म्हणायची.

त्याच्या तरुणपणी सर्जन लोक दिसला हात की उघड असं करत. उघडून पुष्कळदा चांगल्या चाललेल्या नसेचा ते सत्यानाश करत. दादानं वर्षानुवर्षं रेघा ओढून दाखवून दिलं, की कुणासाठी थांबायचं आणि कुणासाठी नाही. तो नियम पुढे त्यांच्या वॉर्डाच्या भिंतीवर छापून लागला. कितीतरी हात त्या नियमानं वाचले. हे मी बहीण म्हणून फुशारकीनं सांगत नाही, त्याला नावं ठेवणारेही कबूल करायचे.

आणि नियमात एक गोम होती. रोग्याला 'हो' म्हणायची घाई असते. महिनोन्‌महिने हात लोळागोळा होऊन पडलेला, समोर डॉक्टर वाकून विचारतोय, "आता?" माणूस खोटारडा नसला तरी त्याला मुंग्या आल्यासारखं वाटतंच. म्हणून दादानं रिकामी टिचकी काढली होती. मधूनच बोट हवेत ठेवायचं, कातडीला लावायचं नाही, आणि नेहमीच्याच आवाजात विचारायचं, "आता?" त्यालाही 'हो' आलं, तर त्या दिवसाचं सगळं रद्द. शिकाऊ डॉक्टरांना तो डोक्यात खिळे ठोकावेत तसं सांगायचा, "रिकामीशिवाय रेघ ओढायची नाही. आणि घरच्या माणसाची तपासणी करायची नाही, ती दुसऱ्याला करू द्यायची."

वहिनी पडली ती ग्रंथालयातल्या शिडीवरून. वरच्या कप्प्यातला एक जाड कोश उतरवताना पाय सटकला आणि पडता पडता तिनं उजव्या हातानं वरची पायरी धरली. धरली ती सोडली नाही. सगळं शरीर त्या एका हाताला लोंबकळलं. हाड कुठे मोडलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. फक्त काखेच्या वर, जिथून हाताच्या नसा निघतात, तिथे त्या ताणल्या गेल्या होत्या. संध्याकाळी तिनं कप उचलायला हात पुढे केला आणि बोटं मिटलीच नाहीत. करंगळीपासून कोपरापर्यंतची आतली बाजू बधिर. तिनं हसून दादाला म्हटलं, "घ्या, आता तुम्हाला लांब जायला नको." दादा हसला नाही.

त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त त्याच हॉस्पिटलात सर्जन होता. कामावरून त्याला सगळे 'कात्री' म्हणत. त्यानं हात तपासला आणि म्हणाला, "तीन-चार महिने बघू. रेघ हलली नाही तर मी उघडतो. आणि हे बघ, तपासणी माझी पोरं करतील, तू नाही."

"माझ्या बायकोच्या हाताला ती शिकाऊ पोरं टिचक्या मारणार?" दादा म्हणाला. "अरे, त्यांना अजून नस कुठून जाते ते धड सांगता येत नाही."

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. स्वतःचा नियम त्यानं स्वतःच्या घरात धाब्यावर बसवला. मी तेव्हाच म्हटलं होतं, की कात्री सांगतोय ते ऐक. पण नसांच्या बाबतीत भूगोलाच्या बाईचं कोण ऐकतो!

मग दर महिन्याला, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर तपासणी सुरू झाली. टेबल पुसायचं, वहिनीनं हात उताणा ठेवायचा, डोळे मिटायचे. मी पलीकडे वर्तमानपत्र धरून बसायची, पण वाचत नसे. टिचकीमागून टिचकी. "आता?" "नाही." "आता?" "नाही." पहिल्या दोन वेळा रेघ काखेपाशीच राहिली. दुसऱ्या वेळी दादा उठला, हात धुतले आणि खिडकीपाशी उभा राहिला. रात्री तो जेवला नाही. वहिनीनं डाव्या हातानं त्याचं ताट झाकून ठेवलं.

तिसऱ्या वेळी रेघ सरकली. जेमतेम बोटभर, पण सरकली. दादानं ती दोनदा तपासली. मग त्यानं वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला, जसा लहान पोरीच्या डोक्यावर ठेवतात, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो. वहिनी फार बोलली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

पुढे रेघ महिन्यामागून महिना उतरत राहिली. दंडाच्या मध्यावर आली, कोपराजवळ आली. दादा पुन्हा माणसात आला. तो शिट्टी वाजवत जिना चढायला लागला. कात्रीनं एकदा हात उघडून बघू म्हटलं, तर दादा त्याच्यावर खेकसला, "चालत्या नसेला सुरी लावणार? भिंतीवरचा नियम वाच जरा." वहिनी ग्रंथालयातून रजेवरच होती. डाव्या हातानं ती दोरा ओवायला शिकत होती. उजवा हात मात्र मांडीवर असायचा, आणि मला तो दिवसेंदिवस बारीक वाटायला लागला होता. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसत चालला होता. मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "बसणारच. गोगलगाय अजून तिथे कुठे पोचलीय? ती पोचली की भरून येईल."

वर्ष भरत आलं आणि रेघ कोपर ओलांडून खाली आली. कोपराच्या खाली नस पहिल्या स्नायूला जाऊन मिळते. तिथे बारीक सुई घालून स्नायू जागा झालाय का ते यंत्रावर ऐकता येतं. कात्रीनं सुई घातली. यंत्र गप्प. त्यानं जागा बदलून पुन्हा घातली. तरी गप्प.

"उशिरा जागा होतो कधी कधी," दादा म्हणाला.

कात्रीनं सुई काढली, कापूस दाबला आणि वहिनीला बाहेर बसायला सांगितलं. मी दारातच होते. तो दादाला म्हणाला, "रेघ स्नायूच्या पुढे गेली आणि स्नायू मुका? असं तू आयुष्यात कधी पाहिलंयस? तुझी ती रेघ मी पाहिली. दर महिन्याला अगदी मोजून मापून सरकलीय. कुणाची नस इतकी शहाण्यासारखी चालते? कधी अडते, कधी उडी मारते. तुझ्याच उंदरांनी तुला हे शिकवलं ना?"

दादानं यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

"रिकामी मारलीस का?"

"ती माझी बायको आहे," दादा म्हणाला. "ती मला फसवेल?"

"मी ते विचारलं नाही. मारलीस का, एवढंच विचारलं."

त्या रविवारी मी वर्तमानपत्र उघडलंच नाही. वहिनीनं नेहमीसारखा हात ठेवला, डोळे मिटले. दादा खुर्ची ओढून समोर बसला. त्यानं दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले. तिथून ते त्यानं हलवले नाहीत.

"आता?" त्यानं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली.

बोट हवेतसुद्धा नव्हतं. तो फक्त विचारत होता, टिचक्यांच्या नेहमीच्या लयीत, न चुकता. "आता?" "नाही." "आता?" "नाही." त्या भागाची कातडी बधिर होती, बोट टेकलं की नाही ते तिला कळायला काही मार्गच नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी टेबलाची कड धरून बसून राहिले. "आता?" "नाही." "आता?"

"हो," वहिनी म्हणाली. "आल्या."

नस त्या महिन्यात जिथे असायला हवी होती, बरोबर तिथे. दादाच्या हिशेबानं अगदी तिथेच.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या बायकोला करता आलीच नसती. क्रेनवाल्याच्या बायकोला काय ठाऊक नस रोज किती चालते? हिला ठाऊक होतं. आयुष्यभर जेवताना तिनं दुसरं ऐकलंच काय होतं! महिन्याला किती अंतर सरायला हवं, मनगटापासून कितव्या 'आता'ला ते येतं, हे सगळं ती डोळे मिटून मोजत होती. आणि रिकामी टिचकी ही काय चीज आहे हेही तिला पक्कं माहीत होतं. फक्त ती आपल्यावर कधी वापरली जाणार नाही, अशी तिला खात्री होती. नवऱ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

तिनं डोळे उघडले आणि दादाचे हात त्याच्या मांडीवर पाहिले.

मग दादानं विचारलं, "कधीपासून?"

"तिसऱ्या वेळेपासून," ती म्हणाली. "त्याच्या आधी तुम्ही जेवला नव्हतात. मला तुमचा चेहरा बघवेना."

"एकदाही खऱ्या आल्या नाहीत?"

"वर येतात. काखेपाशी. तिथेच येतात." मग ती घाईघाईनं बोलायला लागली, शाळेतली पोरं पकडली गेली की बोलतात तशी. "अहो, मला वाटलं, ती आज ना उद्या निघेलच. तुम्हीच म्हणायचात ना, काहींच्या उशिरा निघतात? मी नुसतं थोडं पुढचं सांगत होते. मला वाटलं, ती मागून येईल आणि मला गाठेल. मग खोटं राहणारच नाही. रोज सकाळी मी स्वतः टिचक्या मारून बघायची हो, तुम्ही गेल्यावर. रोज बघायची."

मला दोघांचाही संताप आला. तिच्या मूर्खपणाचा आला आणि त्याच्या मूर्खपणाचा जास्त आला. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून या दोन शहाण्यांनी मिळून एका हाताला मूठमाती दिली होती. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं. मी उठून चहा ठेवला, दुसरं काय करणार?

कात्रीनं त्याच आठवड्यात हात उघडला. काखेच्या वर नस तुटून तिची गाठ झाली होती. त्यानं पायातली एक नस घेऊन ती मध्ये जोडली आणि बाहेर येऊन मास्क न काढताच सांगितलं, "बधिरपणा कदाचित कमी होईल. बोटांचं सोडून दे. तिथे आता वळवायला काही उरलेलं नाही." मग त्यानं मास्क काढला. "चौथ्या महिन्यात मिळाली असती, तर निदान मूठ वळली असती रे." मित्र होता म्हणून हे बोलला. शत्रूनं बोलायचं टाळलं असतं.

त्यानंतर दादाला भलताच ध्यास लागला. ज्या ज्या रोग्यांना त्यानं थांबायला सांगितलं होतं आणि ज्यांचे हात तरीही सुधारले नव्हते, त्यांना तो एकेक करून बोलवायला लागला. काही आले, काहींनी फोन आपटला. एका रंगाऱ्याकडे तर तो मला घेऊन घरी गेला. रंगारी डाव्या हातानं दाराची चौकट घासत होता. उजवा हात पट्ट्यात. दादानं त्याला सरळ विचारलं, "तेव्हा तुम्हाला खरंच मुंग्या यायच्या का?"

रंगाऱ्यानं घासायचं थांबवलं. "काय सांगू साहेब," तो म्हणाला. "तुम्ही इतके जवळ येऊन, इतक्या आशेनं विचारायचात. नाही म्हणायला जीभ रेटायची नाही."

"पण मी रिकामी टिचकी मारायचो!"

"ती कळायची की. तेव्हा तुम्ही श्वास धरायचात."

दुसऱ्या दिवशी दादानं वॉर्डाच्या भिंतीवरचा नियम स्वतःच्या हातानं काढला. वॉर्डातल्या लोकांनी ओरडा केला, कात्रीसुद्धा म्हणाला, "अरे, शंभरातले नव्वद खरेच होते, ते हात वळतात, रोज भाकऱ्या थापतात, गाड्या चालवतात. तू सगळंच कशाला बुडवतोस?" खरं होतं त्याचं. पण दादाला त्या नव्वदांचं आता काही ऐकू येत नव्हतं. त्यानं तळघराची किल्ली देऊन टाकली आणि तो घरी बसला. शिकाऊ पोरं म्हणाली, टिचकीचं डोकं फिरलं. तेही मी ऐकून घेतलं.

घरी त्यानं वहिनीचं सगळं केलं. बटणं लावली, केस विंचरले, पाव कापून दिला. आवाज चढवला नाही की एका शब्दानं तिला दोष दिला नाही. पण तिचं कुठलंच 'हो' त्याच्या पदरात पडेनासं झालं. "झोप लागली का?" "हो." तो तिच्या डोळ्यांकडे बघायचा. "दुखत नाही ना?" "नाही हो." तो पुन्हा बघायचा. शेवटी त्यानं विचारणंच सोडलं. दोघं एका टेबलावर बसायचे आणि घड्याळाची टिकटिक मला वरच्या मजल्यावर ऐकू येतेय की काय, असं वाटायचं.

शस्त्रक्रियेला बरेच महिने होऊन गेले होते. सकाळी मी खाली गेले तर दादा चहा घेत वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता, मी तो कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. उजवा हात तिनं डाव्यात धरला होता.

"अहो," ती म्हणाली, "दंडाच्या इथे आल्या. आत्ता. ओट्याच्या कडेला लागला हात आणि पार खालपर्यंत मुंग्या गेल्या."

दादानं वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे नाही.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

ती माझ्याकडे वळली, आणि पडल्या दिवसापासून कधी न रडलेली वहिनी रडत म्हणाली, "बाई, खरंच आल्या गं."